दिवाळी नाही, मग ख्रिसमस का?

प्रिय सई,

झाड उतरवून खोक्यात भरताना तू विचारलंस, "आजोबा गेले म्हणून आपण दिवाळी केली नाही. मग ख्रिसमस का केला? ख्रिसमसला आजोबा गेलेले नव्हते का?"

मी म्हटलं, आधी त्या दिव्यांच्या माळेचा गुंता सोडव. तू सोडवलास आणि पुन्हा काही विचारलं नाहीस. तुझी ही सवय मला पाठ आहे. उत्तर मिळालं नाही की तू गप्प होतेस, पण विसरत नाहीस. म्हणून हे पत्र. मराठीतच लिहितेय, वाचायला वेळ लागेल. अडलीस तर बाबाला विचार. माझ्याकडे आलीस तर मी पहिल्यापासून सांगायला लागेन आणि भलतीकडेच जाईन.

तुझा मुद्दा तू मांडलास त्याहून पक्का आहे, हे आधी कबूल करते. गेल्या ऑगस्टमध्ये आपण गणपती आणला. दीड दिवस आरत्या झाल्या, मोदक झाले, तू शाळेत डब्यातून नेलेस. डिसेंबरात झाड उभं राहिलं. मधली दिवाळी तेवढी गाळली. कुणी तिऱ्हाइताने पाहिलं तर म्हणेल, या बाईला काही धरबंद नाही.

गणपतीचं उत्तर सोपं आहे. तो बाबाच्या घराण्याचा, आणि बाबाच्या घरात कुणी गेलेलं नव्हतं. अडचण पुढे आहे. याच हिशेबाने दिवाळीही चालली असती. आपल्याकडची जुनी रीत अशी, की वडील गेले तर मुलाला दहा दिवसांचं सुतक आणि वर्षभर सण नाही. लग्न झालेल्या मुलीला तीन दिवस. बास. म्हणजे साताऱ्याच्या घरी मामाला वर्ष आणि मला तीन दिवस. हे मला ठाण्याच्या आजीने ऑक्टोबरात फोनवर सांगितलं, अगदी मायेने: "अगं, तुला कसलं आलंय सुतक? घरात लेकरू आहे, कर हो दिवाळी." त्यांना मला मोकळं करायचं होतं. मला मात्र ते असं ऐकू आलं, की तुझा वडिलांवरचा हक्क तीन दिवसांचा.

ते तीन दिवस कुठे गेले, सांगू? मामाचा फोन आला तेव्हा इथे मेलबर्नमध्ये पहाट होती. तिकीट मिळेपर्यंत एक दिवस गेला, मग सिंगापूरला विमान बदलायला थांबले, मग मुंबई, मग पावसात घाटात अडकलेली गाडी. मी दारात पोचले तेव्हा संगम माहुलीला सगळं उरकून मामा डोकं भादरून बसला होता. माझं सुतक विमानात आणि विमानतळांवरच संपलं. म्हणून ऑक्टोबरात मी बाबाला सांगितलं, यंदा मला दिवाळी नाही. बाबा म्हणाला, तुझ्या मनावर आहे. त्यात निम्मं दुःख होतं आणि निम्मा हट्ट. मुलाला वर्ष, तर मलाही वर्ष. ही काही फार थोर गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. तुला कुणी विचारलं नव्हतं, आणि तुझी दिवाळी मात्र त्यात गेली.

आता दिवाळीच का, हे सांगायचं तर मला अप्पांबद्दल, म्हणजे तुझ्या आजोबांबद्दल लिहावं लागेल. तू त्यांना म्हातारे झाल्यावर पाहिलंस. मी लहान असताना ते साताऱ्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीत बसून माइकवर गाड्या सांगायचे. "स्वारगेटला जाणारी विनाथांबा गाडी फलाटावर उभी आहे" हे वाक्य मी शाळेतल्या प्रार्थनेच्या आधी पाठ केलं होतं. आणि एसटीतल्या माणसाला दिवाळी नसते. सगळा महाराष्ट्र गावाला निघतो म्हणून जादा गाड्या सुटतात आणि त्या सोडायला कुणीतरी स्टँडवर लागतं. तेव्हा आमच्या घरी सणाचं वेळापत्रक पंचांगावर नसायचं, अप्पांच्या ड्युटीवर असायचं.

नरकचतुर्दशीला सूर्य उगवायच्या आत अंघोळ व्हायला हवी. पेठेत चारपासून बंब पेटायचे, धूर दिसायचा, आणि पहिला फटाका कुणी उडवला यावर पोरांची भांडणं. आम्ही तेल लावून पाटावर कुडकुडत बसलेलो, कारण आईचा हुकूम, अप्पा आल्याशिवाय पाणी अंगावर घ्यायचं नाही. ते रात्रपाळी संपवून सायकलवरून यायचे. खाकी शर्टाला डिझेलचा वास. आले की आधी दारातलं कारीट डाव्या अंगठ्याने फोडायचे, चपला तशाच बाजूला, आणि म्हणायचे, "मेला एकदाचा." कधी साडेपाचला, तर कधी चक्क सात वाजता, ऊन आल्यावर. आमच्याकडे नरकासुर ड्युटी बघून मरायचा. मग आई उटणं लावायची, मोती साबण त्या एका दिवसासाठी फोडलेला असायचा, आणि पाठीवर पहिला तांब्या अप्पांच्या हातचा. पाणी इतकं कढत असायचं की ओरडायला व्हायचं. औक्षण होईपर्यंत अप्पा बसल्या बसल्या पेंगायला लागलेले असायचे. आई निरांजन ओवाळताना त्यांच्या डोळ्यांसमोर मुद्दाम एकदा जवळून फिरवायची.

मला दिवाळी म्हटलं की लक्ष्मी नाही आठवत, राम नाही आठवत. तो डिझेलचा वास आठवतो.

आता तुझ्या प्रश्नाजवळ येते. मी जवळजवळ तुझ्याच वयाची होते तेव्हा अप्पांची आई गेली. श्रावणात. मग आली दिवाळी. मला कुणी बसवून काही समजावलं नाही. फक्त माळ्यावरून कंदील खाली आला नाही आणि चुलीवर कढई चढली नाही. दारात आलेल्याला आई एकच वाक्य सांगायची, "यंदा आम्हाला सण नाही." मी एका खांबाला टेकून खूप रडले होते. आजीसाठी नव्हे हं, कंदिलासाठी.

अप्पा ड्युटीवरून आले, मला पाहिलं आणि विचारलं, "किल्ला का नाही केलास?" मी म्हटलं, आपल्याला सण नाही ना. ते म्हणाले, "सण मोठ्यांना नाही. किल्ल्याला कसलं सुतक?" आणि तशा अवतारात पाटी घेऊन माती आणायला गेले.

किल्ला कसा करतात ते तुला व्हिडिओत दाखवलंय, पण व्हिडिओत गोणपाटाचा वास येत नाही. आधी दगड-विटांचा ढीग रचायचा. त्यावर भिजवलेलं गोणपाट पसरायचं, डोंगराला उतार आला पाहिजे. मग चाळलेली लाल माती कालवून हाताने थापायची, आणि त्यात अळीव पेरायचे. चार दिवसांत बारीक हिरवी लव येते. गुहा, विहीर, आरशाच्या तुकड्याचं तळं, कुंभाराकडचे मातीचे मावळे. सगळ्यात वर महाराज, मावळ्यांच्या मानाने दुप्पट उंच. समोर खरा अजिंक्यतारा उभा असताना आम्ही दर वर्षी सिंहगडच करायचो, का ते देव जाणे. त्या वर्षी किल्ला झाला, फक्त त्यावर पणत्या लावल्या नाहीत. रात्री अंधारात तो नुसताच ढीग दिसायचा. पण सकाळी उठून मी अळीव किती वाढले ते बघायचे, आणि माझ्यापुरती दिवाळी झाली.

आणि दुसरी गोष्ट. आमच्या घरी तळण नव्हतं, पण फराळ होता. सण नसलेल्या घरी फराळ करायचा नसतो, तो शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणून द्यायचा असतो. वसुबारसेपासून ताटं यायला लागली. वर विणकामाचा रुमाल, खाली एकाच घरच्या चार जिनसा. शेजारच्या काकूंची चकली कडक, वरच्या मजल्यावरच्या माईंचे अनारसे जाळीदार, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या घरचा चिवडा तिखटजाळ. एवढ्या प्रकारचे लाडू मी पुन्हा कुठल्याच दिवाळीत खाल्ले नाहीत. आई प्रत्येक ताट धुऊन, पुसून, त्यात चिमूटभर साखर घालून परत पाठवायची, रिकामं नाही. मी ताटं पोचवायला जायचे तेव्हा काकू माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या आणि पुन्हा काहीतरी मुठीत कोंबायच्या.

हे सगळं लिहिल्यावर माझंच मला दिसतंय की इथे मी त्या रितीचा अर्धाच भाग पाळला. कढई न चढवणं आपल्या हातात असतं. ताटं येणं आपल्या हातात नसतं, त्याला पेठ लागते. मेलबर्नमध्ये ज्याने त्याने आपल्या घरात दार लावून सण करायचा, आणि दार लावूनच न करायचा.

एरवी तरी आपली दिवाळी कशी असते? पहाटे साडेपाचला तुला ओढून उठवायचं, कारण नंतर शाळा. उटण्याने शॉवरची जाळी तुंबते म्हणून बाबाची कुरकुर. चकल्या तळताना धुराचा अलार्म बोंबलतो आणि तू टॉवेल घेऊन त्याला वारा घालतेस. फटाके घरी उडवायला परवानगीच नाही. संध्याकाळी साडेसात वाजून गेले तरी उजेड, पणत्या कुणाला दिसणार? तू एकदा म्हणाली होतीस की दिवाळी चुकीच्या महिन्यात येते. थंडी नाही, अंधार नाही, सुट्टी नाही. तेव्हा मला राग आला होता. बरोबरच होतं तुझं. इथे ती वसंतात येते आणि मी दर वर्षी तिला ओढून कार्तिकातल्या साताऱ्यात नेऊन बसवायला बघते.

आणि तरीही या वेळी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, २१ ऑक्टोबरला, समोरच्या ग्रीक आजींनी दार वाजवलं. तू पोहायला गेली होतीस. त्यांनी हाताने वर बोट दाखवून विचारलं, तुमचा तो तारा कुठे आहे यंदा? आपला कंदील म्हणजे त्यांच्या लेखी तारा. मी सांगितलं, माझे वडील गेले. त्या काही बोलल्या नाहीत. नवरा गेल्यापासून त्या काळ्या कपड्यांतच असतात, तू पाहिलंयस, चाळीस डिग्रीतही. अर्ध्या तासाने परत आल्या, चहाच्या फडक्याखाली ताटलीभर कुलुराकिया. वेणीसारखी वळलेली ती बिस्किटं, तू रात्री आल्यावर सगळी संपवलीस आणि मला विचारलंस कुठून आणली. त्या ताटलीत मी साखर घालून परत दिली. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. बहुधा चहाला साखर दिली असं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी नीतामावशी चकल्यांचा डबा देऊन गेली. मी तिला यंदा सण नाही एवढंच कळवलं होतं, बाकी तिला कळलं.

आता ख्रिसमस.

मी तुझ्यासाठी एक छान उत्तर तयार करून ठेवलं होतं. ते असं: दिवाळीत अप्पा होते, म्हणून ती त्यांच्याशिवाय जमेना. ख्रिसमसशी त्यांचा काय संबंध? साताऱ्यात आमच्यासाठी नाताळ म्हणजे शाळेला मिळणारी सुट्टी, एवढंच. झाड आपल्या घरात आलं ते तुझ्यामुळे, तू किंडरला जायला लागल्यावर. त्याला आमचं कुणी चिकटलेलं नाही, म्हणून त्याला शोकही चिकटत नाही. बर्क स्ट्रीटवरच्या मायरच्या दुकानाच्या सजवलेल्या खिडक्या बघायला जायचं, तिथे १९५६ पासून दर वर्षी नवी गोष्ट मांडतात, रांगेत उभं राहायचं, आइस्क्रीम खायचं, घरी यायचं. हलकं असतं सगळं. कुणाची वाट बघत पाटावर बसावं लागत नाही.

हे उत्तर लिहायला बसले आणि मला २०२४चा डिसेंबर आठवला.

अप्पा आणि आजी इथेच होते. अप्पांनी आपलं प्लास्टिकचं झाड बघून पहिला प्रश्न विचारला होता, "याला पाणी कोण घालतं?" आणि तू हसून हसून लोळली होतीस. मग रोज सकाळी तू त्यांना विचारायचीस, आजोबा, पाणी घातलं का? आणि ते गंभीर चेहऱ्याने सांगायचे, घातलं, पण माती फार कोरडी आहे. मग बॉक्सिंग डेची, २६ डिसेंबरला सुरू होणारी भारत-ऑस्ट्रेलिया टेस्ट. तिसऱ्या दिवशी, २८ डिसेंबरला, बाबा तुला आणि अप्पांना एमसीजीवर, मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर घेऊन गेला. मी आजीबरोबर घरी थांबले, तिचे गुडघे दुखत होते. त्यामुळे पुढचं सगळं मला तुमच्याकडूनच माहीत आहे. नितीश कुमार रेड्डी ९९वर असताना बुमराह बाद झाला, आता उरला फक्त सिराज. त्याने कमिन्सचे तीन चेंडू कसेबसे खेळून काढले आणि आख्खं मैदान ओरडलं. मग नितीशने बोलंडला सरळ चौकार मारला आणि मोठ्या पडद्यावर त्याचे वडील दिसले, रडणारे, हात जोडलेले. बाबा सांगतो की तेव्हा अप्पाही रडत होते आणि तू त्यांना तुझ्या टोपीने डोळे पुसायला दिले. घरी येताना ट्रेनमध्ये त्यांनी तुला साताऱ्याच्या स्टँडवरच्या सगळ्या घोषणा त्याच आवाजात म्हणून दाखवल्या आणि समोरच्या माणसाने टाळ्या वाजवल्या.

हे मी पाहिलेलं नाही. ते तुझं आहे.

तुला साताऱ्याच्या दिवाळीतले आजोबा कुठे ठाऊक? तू एकही दिवाळी त्यांच्या घरी केली नाहीस, कारण ती शाळेच्या दिवसांत येते आणि आपण जातो ते जानेवारीत. तुझे आजोबा झाडाखाली बसलेले आहेत, एमसीजीवर आहेत, ट्रेनमध्ये आहेत. म्हणजे माझे अप्पा ज्या सणात होते तो मी बंद ठेवला, आणि तुझे आजोबा ज्या सणात होते तो दिवे लावून, गाणी लावून साजरा केला. "ख्रिसमसला आजोबा गेलेले नव्हते का?" हे तू विचारलंस तेव्हा मला वाटलं तू माझी विसंगती पकडतेयस. कदाचित तू काही पकडत नव्हतीस. कदाचित तुला नुसतं सांगायचं होतं की या वेळी झाडाला पाणी घातलं का, असं विचारायला कुणी नव्हतं. मला खरंच माहीत नाही. चुकत असेन तर सांग, मी फार विचार करते असं तू नेहमी म्हणतेसच.

वर्ष कसं गेलं असं मला ३१ डिसेंबरला बाबाने विचारलं, आणि मला जुलैच्या पुढचं धड काही आठवेना. अप्पांनी आषाढीच्या जादा गाड्या मार्गी लावल्या आणि मग गेले, असं मामा म्हणतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी दर आषाढीला स्टँडवर जाऊन पंढरपूरच्या गाड्या मोजायचे. पण तुझं वर्ष तेवढंच नव्हतं. तू डोकं पाण्यात घालून पोहायला शिकलीस, तुला चष्मा लागला, तू दोन मैत्रिणींशी भांडून एकीशी बोलायला लागलीस. यातलं निम्मं मला उशिरा कळलं. ते तू सांग कधीतरी, सगळं.

आता पुढचं. १९ मार्चला गुढीपाडवा आहे. मामा गुढी उभारणार नाही. आपण उभारायची की नाही हे अजून ठरलं नाही. ठाण्याची आजी म्हणेल उभार, आणि या वेळी मी बहुतेक ऐकेन. जुलैत वर्षश्राद्ध झालं की वर्ष संपतं. पुढची दिवाळी ८ नोव्हेंबरला आहे, रविवारी, शाळेची कटकट नाही. मागच्या अंगणात कुंपणाजवळ किल्ला करता येईल, मातीचं बाबा बघेल, अळीव इंडियन दुकानात मिळतात. पण तुला नको असेल तर राहू दे. मी खरंच आग्रह करत नाहीये. (करतेय, थोडासा.) आणि पुढच्या डिसेंबरात झाड लावायचं की नाही हे तू ठरव. तोवर माझं वर्ष संपलेलं असेल, तुझं संपलेलं नसेल तर तसं सांग. रीत मी बघते काय करायची ती.

आजीचा व्हिसा आला की ती एप्रिलमध्ये येतेय. हाच प्रश्न तिला विचार. ती माझ्यापेक्षा थोडक्यात सांगेल, आणि मला शंका आहे की मामाला न कळवता तिने शंकरपाळे केले होते. विचारून घे आणि मला सांग.

तुझी,
आई